कॅसेट तगली, सीडी गेली

धरमपेठेतला एखादा जुना बंगला स्कीमला गेला, की पाडापाडीच्या आधी त्याचा माळा रिकामा होतो. पितळेची भांडी आणि शिसवी खुर्च्या घरातली माणसं वाटून घेतात, रद्दी आणि लोखंड कबाडी नेतो. तळाच्या एखाद्या खोक्यातून मग पांढऱ्याचा पिवळा झालेला प्लास्टिकचा डबा निघतो. सोबत दोन रिमोट, वेटोळं केलेली वायर आणि पाच-सात कॅसेटी. कबाडी त्यांना प्लास्टिकचा भाव देतो. १९९० नंतरची दहा-बारा वर्षं नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी ज्या वस्तूभोवती गेली, ती अशी किलोवर जाते.

तिकडे अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची सीलबंद प्रत वीस लाख डॉलरला विकली गेली. त्याच्या महिनाभर आधी ‘सुपर मारिओ ६४’च्या अशाच न उघडलेल्या प्रतीला साडेपंधरा लाखांहून जास्त डॉलर मिळाले होते. हा सगळा बाजार सीलवर चालतो. नागपुरात सील टिकण्याचा प्रश्नच नव्हता. कॅसेट आणली की त्याच दुपारी टीव्हीला लागायची, आठवड्यात शेजारच्या मित्राकडे जायची, तिथून त्याच्या मावसभावाकडे. त्यामुळे इथल्या संग्राहकापुढचा प्रश्न साधा आणि जास्त महत्त्वाचा आहे: हातात आलेल्या वस्तूच्या आतला गेम अजून शाबूत आहे का, आणि किती वर्षं राहील? याचं उत्तर बहुतेकांच्या समजुतीच्या नेमकं उलट निघतं. सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त वस्तू तगून आहे. नंतर आलेली, जास्त आधुनिक वाटलेली वस्तू आधी जाते आहे.

निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलं. भारतात तेव्हा अशा वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती आणि त्यांतली शेवटची संख्यात्मक बंधनं उठायला १ एप्रिल २००१ उजाडावा लागला. मधल्या काळात तैवानच्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या चिपांची नक्कल केली. यूएमसीसारखी मोठी कंपनीसुद्धा त्या चिपा बनवत होती. त्यांवर उभी राहिलेली यंत्रं भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आली. १९९० च्या दशकाच्या मध्यात शॉ वॉलेस कंपनीनं सेगाचं मेगा ड्राइव्ह रीतसर आणलं खरं, पण ते मोजक्याच घरांत पोचलं. बाकी सगळ्यांचा व्हिडिओ गेम म्हणजे साठ पिनांची कॅसेट वरून खोचायचं ते नकली फॅमिकॉम.

नागपूरच्या उन्हाळ्याला हे यंत्र फारच मानवलं. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच मुलांना बाहेर सोडण्याची कुणाची छाती नसते. ट्रॅफिक पार्क संध्याकाळचा. दारं-खिडक्या बंद, कूलर चालू, आई-आजीची झोप लागलेली, आणि आवाज बारीक करून ‘कॉन्ट्रा’. एका कॅसेटवर ‘१६८ इन वन’ किंवा थेट ‘९९९९९९९ इन वन’ लिहिलेलं असे. प्रत्यक्षात वेगळे गेम मोजकेच, बाकी तेच गेम पुढच्या लेव्हलपासून किंवा जास्तीच्या बंदुकीसह सुरू होत. ‘मारिओ’, नामकोचं ‘बॅटल सिटी’ ज्याला सगळे नुसतं टँक म्हणत, कोनामीचं ‘रोड फायटर’, पक्षी टिपायचं ‘डक हंट’. कंटाळा आला की सीताबर्डीवरच्या दुकानात जुनी कॅसेट देऊन आणि वर थोडे पैसे घालून दुसरी घ्यायची. या अदलाबदलीमुळेच आज माळ्यावरच्या कॅसेटीचा मूळ मालक कोण हे कुणाला सांगता येत नाही.

अशी कॅसेट उघडून पाहण्यासारखी असते. मागचे एक-दोन स्क्रू काढले, किंवा स्क्रू नसतील तर खाचेत नख घालून कवच सोडवलं, की आत बहुतांशी मोकळी जागाच दिसते. तळाशी हिरवी नाहीतर तपकिरी, पत्त्याच्या पानाहून लहान पट्टी. तिच्या कडेला सोनेरी पिनांची रांग आणि मधोमध काळ्या, चकचकीत इपॉक्सीचा एक ठिपका. त्या ठिपक्याखाली उघडी सिलिकॉनची चकती थेट पट्टीला चिकटवलेली असते. चिपेला वेगळं आवरण देण्याचा खर्च वाचवायची ही युक्ती. ठिपका फोडून चिप दुरुस्त करता येत नाही, आतली केसासारखी तार तुटली की खेळ संपला.

पण तार शाबूत असेल, तर आतला गेम जवळपास अमर आहे असं म्हणायला हरकत नाही. बहुतेक कॅसेटींतली चिप मास्क रॉम प्रकारची असते. तिच्यातला शून्य-एकचा मजकूर चिप घडवतानाच तिच्या थरांच्या रचनेत कायमचा बसवलेला असतो. त्यात विजेचा भार साठवलेला नसतो, त्यामुळे गळून जाण्यासारखं काही नाही, चुंबकानं पुसण्यासारखं काही नाही. याउलट काही नकली कॅसेटींत ईपीरॉम असे. तिच्यात मजकूर इलेक्ट्रॉनांच्या साठ्याच्या रूपानं राहतो. हा साठा हळूहळू झिरपतो आणि उष्णतेनं झिरपणं वाढतं. उत्पादक अशा चिपेची हमी साधारण दहा-वीस वर्षांची देत. म्हणजे तीस वर्षांपूर्वीची ईपीरॉमवाली कॅसेट आज चालली, तर तिचं काम केव्हाच करून झालं आहे.

नकलीपणाचा आणखी एक फायदा झाला. अस्सल निन्टेन्डो कॅसेटींपैकी ‘झेल्डा’सारख्या लांबलचक खेळांत खेळाची प्रगती जपायला लिथियमची नाण्याएवढी बॅटरी असे. पंधरा-वीस वर्षांनी ती संपते आणि जपलेलं सारं पुसलं जातं. बॅटरी बदलायची तर डाग काढून नवा डाग द्यावा लागतो. नागपुरातल्या कॅसेटींत बॅटरीच नसे. लाइट गेली की मारिओ पुन्हा पहिल्या पाइपपाशी. त्या वेळी रडू यायचं, पण आज त्यामुळेच या मास्क रॉमच्या कॅसेटींत सडण्यासारखा, गळण्यासारखा एकही भाग नाही.

मग ‘चालत नाही’ म्हणून कबाड्याकडे जाणाऱ्या कॅसेटींचं काय? त्यांतल्या कितीतरी नुसत्या मळलेल्या असतात. गेम लागला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची हा उपाय नागपूरपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्या मुलांना कुणी न शिकवता ठाऊक होता. निन्टेन्डोनं मात्र फुंकू नका असंच सांगितलं होतं, कारण श्वासातला ओलावा पिनांवर बसून त्या गंजतात. फुंकरीनंतर गेम लागायचा तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा खोचल्यामुळे, पिना नव्यानं टेकल्यामुळे. योग्य उपाय कमी मजेचा आहे. पट्टी बाहेर काढावी, पिनांवरून पांढरं खोडरबर अलगद फिरवावं, भुगा झटकावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसून घ्यावं. कापूस काळा होतो, पिना पिवळ्या चमकू लागतात. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये, कवच विरघळतं आणि लेबलावरची शाई जाते. लेबल हा तर या वस्तूचा अर्धा इतिहास.

पुढचा काळ चकत्यांचा. सोनीचं प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ ला जपानात आलं आणि प्लेस्टेशन टू ४ मार्च २००० ला. २००० नंतरच्या दशकात हे दुसरं यंत्र भारतातल्या शहरांत घट्ट रुजलं. ‘पीएस टू’ घेतलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असे, चिप टाकायची का? मॉड चिप बसवली की कॉपी केलेल्या डिस्क चालत. अस्सल गेम हजार-दीड हजाराच्या घरात, आणि राइट केलेली डिस्क खिशातल्या पैशांत. निवड कुणाला कठीण गेली नाही. त्याच सुमाराला ग्रेटर नोएडाच्या मोझर बेअरनं कोऱ्या चकत्यांचा जगातला एक मोठा कारखाना उभा केला होता. २००७ मध्ये ही कंपनी २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी विकू लागली आणि चकती ही वस्तू वहीइतकी स्वस्त झाली. २०१८ मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण संग्राहकाचं सगळं गणित त्यावर आहे. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये मजकूर पॉलीकार्बोनेटमध्ये खळग्यांच्या रूपात दाबलेला असतो आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. दुकानात राइट केलेल्या डिस्कमध्ये खळगे नसतातच. तिथे रंगद्रव्याचा थर असतो, लेझर तो ठिकठिकाणी भाजून खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमटपणानं रंगद्रव्य बदलत जातं. भाजलेल्या आणि न भाजलेल्या जागांतला फरक पुसट झाला की यंत्राला वाचता येत नाही. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कची खालची बाजू काळी असे. ते प्लास्टिक डोळ्याला काळं दिसतं, पण लेझरच्या ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणाला आरपार जाऊ देतं. आज माळ्यावर काळ्या पाठीची डिस्क निघाली तर ती बहुधा चालते. मार्करनं ‘जीटीए व्हाइस सिटी’ लिहिलेली निळसर-हिरवट चकती निघाली तर आशा कमी.

छापलेली डिस्कही अभंग नव्हे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या संगीताच्या अनेक सीडी पुढे कडेकडून तांबूस झाल्या आणि वाजेनाशा झाल्या. वरचं लॅकर वेष्टनाच्या कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही. सीडीचा खरा नाजूक भाग खालची चकाकती बाजू नसून वरची, लेबलाची बाजू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. खालून १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक असतं, वरून मात्र धातूवर नुसता लॅकरचा हात. सीडी उताणी टाकून त्यावर दुसरी घासली की खालची बाजू वाचली असं वाटतं, पण वरचा ओरखडा थेट मजकुरावर जातो. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून मजकूर मधे ठेवला, म्हणून तिथे धोका डिंकाचा. ब्लू-रेत मजकूर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत, म्हणून तिला कठीण मुलामा द्यावा लागला.

तपासायला सोपी रीत आहे. अंधाऱ्या खोलीत डिस्क पेटत्या बल्बसमोर धरायची. छापलेली सीडी चांगली असेल तर प्रकाश मंद, सारखा दिसतो. धातूचा थर खाल्ला गेला असेल तर सुईनं टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसतात, बहुतेक वेळा कडेला दाटीनं. एखाद-दुसरा ठिपका यंत्र सांभाळून घेतं, कारण डिस्कवर चूक दुरुस्तीचा जादा मजकूर असतो. ठिपक्यांची नक्षी दिसू लागली की त्या डिस्कची वेळ जवळ आली.

आता नागपूरच्या हवेचा विचार करावा. अमेरिकेच्या प्रमाण संस्थेनं, म्हणजे एनआयएसटीनं, २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी जपण्याची मार्गदर्शिका काढली. ती ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवते, आणि दोन्हींतले झटपट चढउतार टाळायला सांगते. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. (३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, पण तो संवेदकाचा दोष होता, असं हवामान विभागानं नंतर जाहीर केलं.) नवतपात स्लॅबखालचा माळा काय तापत असेल, ते माळ्यावर हात घालणाऱ्यालाच ठाऊक. पॉलीकार्बोनेट एवढ्यानं वितळत नाही. त्रास होतो तो रंगद्रव्याला आणि डिंकाला.

त्याहून मोठा शत्रू घरात आपल्याच हातानं लावलेला असतो. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठाक असते आणि नुसती कोरडी उष्णता धातूच्या थराला तेवढी वाईट नाही. पण वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्यांमधून पाणी सोडणारा कूलर दिवसभर खोलीत दमट हवा ओततो. रात्री बंद केला की खोली पुन्हा कोरडी, सकाळी पुन्हा ओली. टीव्ही, पीएस टू आणि डिस्कचा पाउच हमखास कूलरच्या झोतात, कारण खेळणाऱ्यांनाही तिथेच बसायचं असे. मार्च ते जून हे चक्र, त्याला जोडून पावसाळा. मुंबई-कोकणातल्या डिस्कला आठ महिने दमटपणा सोसावा लागतो हे सगळे मानतात. विदर्भातल्या डिस्कला उन्हाळ्यातही सुट्टी नाही, हे लक्षात घेतलं जात नाही. ज्याला डिस्क टिकवायच्या आहेत त्यानं त्या कूलरच्या खोलीतून हलवून आतल्या खोलीच्या भिंतीतल्या कपाटात, उभ्या आणि कडक डब्यांत ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पाउचमध्ये कधीच नाही, कारण तापल्यावर तो डिस्कला चिकटतो.

दमटपणाबरोबर बुरशीही येते. तिचं नाव काढल्यावर व्हीएचएस आणि फ्लॉपी आठवतात, पण ती सीडीलाही सोडत नाही. २००१ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीत जिओट्रिकम जातीची बुरशी थरांत शिरून मजकूर खाताना पाहिली. तरी फ्लॉपीबाबत पूर्ण नाउमेद होऊ नये. कॉम्प्युटर क्लासमधल्या प्रत्येक पीसीवर असणारा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा. त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर याच्या हातून मूळ प्रोग्रॅम हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्यांचं खोकं सापडलं आणि जाणकारांनी त्यांतून तो प्रोग्रॅम जवळजवळ सगळा परत मिळवला. त्या फ्लॉप्या अमेरिकेतल्या कपाटात होत्या, ही गोष्ट मात्र विसरून चालणार नाही.

समजा, कॅसेट जगली आणि डिस्कही जगली. लावायच्या कशावर? पीएस टूचं उत्पादन जानेवारी २०१३ मध्ये थांबलं. ‘डिस्क गेली’ म्हणून टाकलेल्या कितीतरी डिस्क चांगल्या असतात, लेन्स म्हातारी झालेली असते. ‘डक हंट’ची अवस्था अधिक वाईट. ती बंदूक गोळी झाडत नाही, ती पडद्याकडे पाहते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला संवेदक तो नेमक्या क्षणी शोधतो. सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो, तेवढ्यानं नेम चुकतो. त्यासाठी पेटीचा टीव्हीच हवा. असे टीव्ही महाराष्ट्रात बनत. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावचा व्हिडिओकॉनचा कारखाना राज्यभर माहीत होता. २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा धंदा व्हिडिओकॉननं विकत घेतला, नेमका तो धंदा बुडायला लागला होता तेव्हा. आज नागपुरात पेटीचा टीव्ही फुकट मिळतो, पण तो दुरुस्त करणारा मिळत नाही. संग्राहकानं एक तरी चालू टीव्ही कॅसेटींइतकाच जपायला हवा.

यापुढे खरी पडझड दिसेल ती राइट केलेल्या डिस्कची, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त जिवाला लागण्यासारखी आहे. अस्सल ‘व्हाइस सिटी’ जगात कोट्यवधी छापली गेली, ती कुठे ना कुठे राहील. नागपुरातली मुलं ज्यावर खेळली ती डिस्क वेगळी होती. तिच्या वर मार्करचं अक्षर, दुकानाचा शिक्का, झेरॉक्स केलेलं कव्हर, कधी हिंदी गाणी घुसवलेली आवृत्ती. परदेशी संग्राहकाच्या लेखी तिची किंमत शून्य. धरमपेठेच्या इतिहासात मात्र तीच अस्सल प्रत आहे. सीलबंद अस्सल वस्तूंच्याच मागे लागलेला इथला संग्राहक दुसऱ्या कुणाच्या तरी शहराचं बालपण जमवत असतो.

सरकारी पातळीवर तर या वस्तूंना वालीच नाही. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत चार ग्रंथालयांना जाते, त्यांतलं एक मुंबईत आहे. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आली. गेम नाहीत. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात २००० पासून डब्यातले गेमही जमा होतात. आपला कॉपीराइट कायदा कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, पण मूळ प्रत डिजिटल नसेल तरच. डिस्कवरचा गेम जन्मानंच डिजिटल, म्हणून तो या सवलतीबाहेर राहतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवून दिलं, की तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. भारतात अशी मोजणी करायची, तर आधी यादी करावी लागेल.

त्या यादीत पहिल्यांदा घालण्यासारख्या डिस्क इथल्याच आहेत. हैदराबादेत बनलेले ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ २००९ मध्ये पीएस टूसाठी आले. दुसऱ्यात कबड्डी आणि विटीदांडू होते. पुढच्या वर्षी मुंबईच्या ट्राइन कंपनीनं गल्ली क्रिकेटचा गेम काढला. या डिस्क छापील आहेत आणि आज जुन्या मालात शे-दोनशे रुपयांत निघतात. धरमपेठेतल्या ज्या घरात त्या असतील, तिथे त्या एकदा बल्बसमोर धरून पाहाव्यात, ठिपके नसतील तर मजकुराची राखीव प्रत काढावी आणि कव्हरच्या दोन्ही बाजू, किमतीच्या स्टिकरसकट, स्कॅन करून ठेवाव्यात. शेजारच्या पाउचमधल्या मार्करवाल्या चकत्यांची प्रत काढायला कायद्याची आडकाठी आहे, पण त्यांच्यावरची नावं, शिक्के आणि झेरॉक्स कव्हरं यांचे फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि हे काम घर स्कीमला जाण्याआधी एका रविवारी उरकतं.